मुलगी बघायला जाताना विचारायचे प्रश्न

आमच्या भावकीतली माणसं मुलगी बघायला निघाली, की जीपमध्ये काही गोष्टी ठरलेल्या असत. पाण्याचा कॅन, रस्ता दाखवायला मध्यस्थ, गाडी लागणारी एक मावशी आणि मी. मावशीला गाडी लागायची तरी तिला न्यायचेच, कारण मुलगी तीच बघायची. मला गाडी लागत नसे, पण मुलगी बघायची अक्कलही नव्हती. मला न्यायचे ते प्रश्न विचारायला. हे काम मी वीसेक वर्षं केलं. त्याचा मोबदला म्हणजे पोह्यांवर इतरांपेक्षा मूठभर शेव जास्त.

काम माझ्याकडं आलं ते दुकानामुळं. केजला तहसीलच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देतो, फोटो चिकटवून देतो, आणि दोरीवर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तिका टांगून ठेवतो. गिऱ्हाईक नसलं की मी त्या वाचायचो, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा नसायचंच. त्यामुळं सगळ्यात लांब नदी, सगळ्यात लहान देश, राज्यसभेची मुदत, पेटीच्या एका सप्तकातल्या काळ्या पट्ट्या, असलं सगळं डोक्यात जाऊन बसलं. त्याचा उपयोग काही झाला नाही. तीन परीक्षा मी स्वतः दिल्या आणि तिन्हीत मला गणितानं आडवं केलं. डोक्यात एवढा माल पडून असलेला माणूस तो कुठं खपवणार? समोर मान खाली घालून बसलेल्या, उलट न बोलणाऱ्या पोरीइतकं चांगलं ठिकाण मला दुसरं सापडलं नाही.

माझ्या प्रश्नांना क्रम होता. आधी राजकारण, मग भूगोल, शेवटी गाणं. ‘आपल्या राज्याचे मुख्यमंत्री कोण?’ यानं सुरुवात केली की ओसरीवरची म्हातारी माणसं पाऊसपाण्याच्या गप्पा थांबवून ऐकायला लागत. मग ‘गोदावरी कोणकोणत्या जिल्ह्यांतून जाते, क्रमानं सांग’. पोरगी नाशिकपासून निघायची आणि बहुधा जालन्याच्या आसपास वाहून जायची. शेवटी, ‘एखादं गाणं म्हण बरं, सिनेमातलं चालेल’. तिनं दोन ओळी म्हटल्या की मी विचारायचो, ‘पडद्यावर नटी म्हणते हे गाणं, पण खरा आवाज कुणाचा?’ हे मात्र सगळ्यांना यायचं. गोदावरीत बुडालेल्या पोरीसुद्धा इथं झटकन वर यायच्या, आणि तो आवाज माझाच असल्यासारखा मी खूश व्हायचो.

या क्रमाचा मला फार अभिमान होता. मग एकदा परतताना मावशीनं गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला बसून चूळ भरली आणि मला म्हणाली, “तू मुख्यमंत्री इचारतूस तवा पोरगी मान वर करती. तवा मला तिचं तोंड दिसतं. ते नदीचं लांबलचक इचारतूस तवा दात दिसतेत, अन् अडखळती का न्हाई ते कळतं. गाण्यात दम कळतो. तुझं लई चांगलं चालू हाय, बंद करू नको.”

म्हणजे मी परीक्षक नव्हतोच. जादूच्या खेळात ढोलकं वाजवणारा असतो, लोक त्याच्याकडं बघत असताना खरं काम दुसरीकडं चालतं, तो मी. एवढं कळूनही मी पुढं काही वर्षं जात राहिलो, हेही सांगून टाकतो. शेव सुटत नव्हती.

माझ्या ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, नांदूरघाटला असते. बी.एस्सी. झाली आणि दोन वर्षं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. मागच्या खेपेला थोडक्यात हुकली. पुस्तिका माझ्याच दुकानातून नेते आणि परत आणून देताना आतल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून देते. त्या मी सुधारित आवृत्ती म्हणून पुन्हा दोरीला लावतो.

दिवाळी झाली आणि तिला आष्टीकडचं स्थळ आलं. ताईचा मला फोन. “आरं, त्यांच्यात मुलाचा चुलता मोठा हाय. शाळांचा केंद्रप्रमुख व्हता, आता रिटायर झालाय. लई प्रश्न इचारतो म्हणतेत. तू हिला जरा तयार करून घे. दोन स्थळं गेल्यात आधीच.”

दोन दिवसांनी भाची पुस्तिका बदलायला दुकानात आली. मी म्हटलं, “बस. तुझी तयारी करून घ्यायची हाय.”

“कशाची?”

“पाहुणे प्रश्न विचारणार, त्याची.”

“मला कावून विचारायचे प्रश्न? मी काय कमी पेपर दिलेत?”

“रीत असती, बाई.”

“मुलाला विचारतेत का?”

“त्याला नोकरी विचारतेत, शेती विचारतेत.”

“म्हणजे त्याला खरं विचारतेत,” ती म्हणाली. मग दुकानात कोणी नाही असं बघून तिनं आवाज उतरवला. “मामा, आईला सांगू नका. मुलगा माझ्या ओळखीचा हाय.”

ओळख झाली ती उत्तरतालिकेवरून. परीक्षा झाल्यावर सरकार उत्तरं जाहीर करतं आणि एखादं चुकीचं वाटलं तर पुराव्यासकट हरकत घेता येते. परीक्षा दिलेल्या पोरापोरींचा फोनवर ग्रुप होता. तिथं हा मुलगा पंचायत राजच्या एका प्रश्नावर तावातावानं भांडत होता. भाचीनं कायद्याच्या पुस्तकातल्या तीन पानांचे फोटो टाकले. सगळा ग्रुप गप्प. थोड्या वेळानं त्या मुलानं एकच शब्द लिहिला, ‘चुकलो’.

“एवढ्या मोठ्या ग्रुपात मामा, चुकलो म्हणणारा तेवढा एकच निघाला,” भाची म्हणाली, आणि पुस्तिकेचं पान उगाच सरळ करत बसली.

मग दोघं रोज एकमेकांना दहा दहा प्रश्न पाठवायला लागले. काही महिने असे प्रश्नोत्तरात गेल्यावर त्यानं नातेवाइकांतून फिरवून फिरवून रीतसर स्थळ पाठवलं. मध्यस्थाला अजून वाटतंय की हे त्यानंच शोधलं. मुलाला वडील नाहीत, चुलत्यानंच वाढवलेलं. आष्टीत जनावरांच्या दवाखान्यात कंत्राटावर कामाला आहे आणि परीक्षेची तयारी करतो.

“तुला पसंत हाय ना? मग तर सोपंच झालं,” मी म्हटलं. “चुलत्याला दोन उत्तरं दे आणि मोकळी हो.”

“न्हाई देणार.”

“येत असून?”

“येतंय म्हणूनच. मामा, म्या दोन वर्षं हे पाठ केलं ते पोह्याचा ट्रे धरून सांगायला न्हाई. परीक्षेत विचारा, सांगते. घरात येऊन मला जनावरासारखं तपासायचं असलं, तर माझ्या तोंडातून एक शब्द निघणार न्हाई. त्यालाबी सांगितलंय म्या.”

“मग तो काय म्हणला?”

“म्हणला, चुलत्याला सांगून बघतो.”

“अन्?”

“बघायलाच लागलाय अजून.”

वीस वर्षं खुर्चीच्या ज्या बाजूला मी बसत होतो तिकडून ही बाजू कधी दिसलीच नव्हती. हिला हेच स्थळ पाहिजे होतं. आणि ते जाईल हे माहीत असूनही ती प्रश्नाला उत्तर देणार नव्हती.

ठरलेल्या दिवशी मी आणि बायको मोटारसायकलवरून नांदूरघाटला निघालो. वाटेत बायकोला मी सगळं सांगितलं. ती मागं पदर सावरून बसली. मग म्हणाली, “आवो, तुमी मला श्रीलंकेची राजधानी इचारलती, आठवतंय का?”

आठवतंय म्हणजे काय! ही गोष्ट मी चोवीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, दशक्रिया विधीतसुद्धा सांगितली आहे. मी नवरदेव म्हणून गेलो होतो तरी सवयीनं प्रश्न मीच विचारले. म्हटलं, ‘श्रीलंकेची राजधानी कोणती?’ आणि ही म्हणाली, ‘लंका’. या गोष्टीवर पाहुणेमंडळी हमखास हसतात. भोळी आहे बिचारी, असं मी शेवटी म्हणतो.

“मला येत व्हतं,” बायको म्हणाली.

“काय?”

“कोलंबो. शाळेत व्हतं आमाला. पण तुमच्याकडं बघून वाटलं, ह्यो माणूस जन्मभर असंच इचारत बसंल. म्हणून चुकीचं सांगितलं. म्हणलं नापसंत करतेल.”

मी गाडी थोडी हळू केली. “मग पसंत कशी झालीस?”

“ते तुमच्या मावशीला इचारा. जीपमधून उतरतानाच मला दारात बघून त्या माझ्या आईला म्हणल्या, उंचीला जोडा बरा दिसंल. तुमचा प्रश्न व्हायच्या आधीच माझं लगीन झालतं.”

चोवीस वर्षं मी जो विनोद सांगत होतो तो माझ्यावरच होता, आणि माझ्याशेजारी बसून तो ऐकणारी ही एकटीच योग्य जागी हसत होती.

अकराच्या सुमाराला आष्टीची जीप आली. आधी चुलते उतरले, मागून मुलगा, मुलाची आई, मध्यस्थ. जीपवाला चाचा आष्टीचाच, पांढऱ्या दाढीचा. त्याला ताईनं आग्रह करून आत बोलावलं, तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

चुलत्यांना बघितलं आणि मला आरशात बघितल्यासारखं झालं. तेच खिशाला लावलेलं पेन. तेच प्रश्न विचारायच्या आधी पंख्याकडं बघणं. फरक एवढाच की त्यांचे केस माझ्यापेक्षा शाबूत होते. दाजींचा स्वभाव अबोल, त्यांनी बोलायचं काम माझ्यावर सोपवलेलं. त्यामुळं आम्ही दोघं ढोलकंवाले समोरासमोर आलो.

भाची पोहे घेऊन आली. ट्रे ठेवला, नमस्कार केला, खुर्चीवर बसली. मान खाली नव्हती. मुलगा तिच्याकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. त्यावरून मी ओळखलं की चुलत्याला सांगणं अजून बाकीच आहे.

चुलत्यांनी पंख्याकडं बघितलं. “बाळा, स्पर्धा परीक्षा करतीस म्हणे. चांगलंय. मग सांग बरं, आपल्या बीड जिल्ह्यात तालुके किती?”

“माहीत हाय,” भाची म्हणाली. “पण सांगणार न्हाई.”

मध्यस्थाच्या हातातला चमचा पोह्यातच थांबला. चुलते हसले. “लाजती. बरं, दुसरं इचारतो.”

“लाजत न्हाई. दुसरं विचारलं तरी सांगणार न्हाई.”

आता आपण काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटलं. मी पुढं सरकून म्हटलं, “साहेब, तिच्याऐवजी मला विचारा. मामाच हाय मी. सगळी तयारी माझ्याकडूनच हाय.”

इथं मी जे केलं ते करणारा माणूस आमच्याच घराण्यात जन्मू शकतो. चुलत्यांनी चिडून विचारलं, “बरं, मग तुमी सांगा. मांजरा कुठं उगम पावती?” मी म्हटलं, “पाटोदा तालुक्यात, बालाघाटात.” त्यांचा चेहरा जरा बदलला. “गोदावरी जिल्ह्याच्या कोणत्या बाजूनं?” “उत्तरेनं. आता तुमी सांगा, जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ किती?” “सहा! अन् राज्यात आमदार?” “दोनशे अठ्ठ्याऐंशी. पेटीच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या किती?” ते थबकले, बोटांवर काहीतरी वाजवून बघितलं आणि ओरडले, “पाच!” “वा!” मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या तोलाचा माणूस मला पहिल्यांदा भेटला होता. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली, चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि विचारलं, “आता विधान परिषदेची सदस्यसंख्या सांगा बरं!”

“मामा,” भाची म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी तोंड उघडं ठेवून वळलो. ती खुर्चीवर तशीच बसली होती. मुलाची आई, ताई, माझी बायको, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. बायकोचं बघणं तर लंकेइतकं जुनं होतं. ज्या पोरीसाठी मी पुढं सरकलो होतो, ती पोरगी खोलीत आहे हेच मी विसरलो होतो.

चुलत्यांनीही खुर्ची सरळ केली. आवाज आता नरम होता. “हे बघ बाळा, वाद नको. आमाला घरी जाऊन चार माणसांत काहीतरी सांगावं लागतं. एकच सांग. तालुके किती?”

दारातून ताई कुजबुजली, “अकरा म्हण की गं!”

“आईनं सांगितलं,” भाची म्हणाली. “बरोबर हाय.”

“तुझ्या तोंडून सांग.”

“माझ्या तोंडून न्हाई.”

अकरा हा आकडा त्या वेळी खोलीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर होता. जीपवाल्या चाचानं तो हळूच बोटांवर मोजूनसुद्धा बघितला. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द म्हटला असता तर तिला पाहिजे असलेलं घर तिला मिळालं असतं, निदान तेव्हा आम्हा सगळ्यांना तसं वाटत होतं. ती गप्प राहिली. ओठ घट्ट मिटलेले आणि नखं खुर्चीच्या हातात रुतलेली.

चुलत्यांनी पेन खिशात नीट लावलं आणि गुडघ्यावर हात ठेवले. या हालचालीचा अर्थ मला कुणी सांगायला नको. मी ती कितीतरी घरांत केली आहे. आता उठायचं, ‘कळवतो’ म्हणायचं आणि वाटेत कारण ठरवायचं.

“बसा साहेब,” मी म्हटलं. “मला एक सांगायचंय. तुमच्या जागेवर मी वीस वर्षं बसलोय.”

ते बसले.

“तालुक्यांचा हाच प्रश्न मी एका पोरीला विचारला होता. गाव सांगत न्हाई. ती म्हणाली, अकरा. मी सगळ्यांदेखत म्हटलं, चूक, सात. शाळेत मला सात शिकवले होते, ते मी धरून बसलो होतो. चार नवीन झालेले मला माहीतच नव्हते. ती पोरगी म्हणाली, न्हाई हो, अकरा हायेत, आमच्या शेजारचाच तालुका नवीन हाय. मी म्हटलं, मोठ्या माणसासमोर उलट बोलू नये. येताना जीपमध्ये आमची माणसं म्हणली, बरं झालं, कारण मिळालं. नापसंत ती जातानाच होती. घर पत्र्याचं हाय हे आमाला आधीच कळलं होतं. पण पत्र्याचं म्हणून नको, असं कसं कळवायचं? म्हणून कळवलं, मुलीला साधे तालुके सांगता येत न्हाईत. ते सगळ्या नात्यात झालं. पुढं माझ्याच दुकानात नवी पुस्तिका आली तेव्हा मी वाचलं, अकरा. मी कधी जाऊन सांगितलं न्हाई की पोरगी बरोबर होती. लाज वाटली.”

बोलताना माझा आवाज जरा चढला होता. तसा तो कधी चढत नाही, दुकानात लाइट गेल्यावरसुद्धा.

“म्हणून सांगतो साहेब. हिनं अकरा म्हटलं काय आणि न्हाई म्हटलं काय, काय फरक पडतो? तुमचं काय ठरायचं ते जीपमध्ये ठरलेलं असणार. ते सांगा. तालुके नका विचारू.”

चुलते लाल झाले. “म्हणजे आमीबी तसलेच, असं म्हणायचंय का तुमाला? आमचं जीपमधी काय ठरलं ते तुमाला काय माहीत?”

“मला न्हाई माहीत. तुमाला माहीत हाय.”

यावर सगळ्यांचे डोळे दाराजवळच्या स्टुलाकडं गेले. जीपवाल्या चाचानं दोन्ही हात वर केले. “मेरेकू मत पूछो भाई. म्या काय ऐकलं न्हाई. गाणे चालू होते.” मग जरा थांबून, खरं बोलायची सवय असल्यामुळं, पुढं म्हणाला, “पाटोद्यापर्यंत. नंतर फोन डिस्चार्ज झालता.”

माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. हसू कुणालाच आवरत नव्हतं आणि हसायची कुणाची हिंमत नव्हती.

तेव्हा मुलगा उठला. उंच, हडकुळा, शर्टाची इस्त्री बसून बसून मोडलेली. बोलताना तो चुलत्यांकडंच बघत होता. “काका, मी सांगतो. पाटोद्याच्या पुढं ठरलं, की पोरगी घरंदाज हाय, होकार द्यायचा. पण लगीन झालं की परीक्षा बंद. तलाठी झाली तर बदलीची नोकरी, घर कोण बघणार. आणि हे आत्ता बोलायचं न्हाई, साखरपुडा झाल्यावर हळूच सांगायचं.” मग तो भाचीकडं वळला. “मी तवा काहीच बोललो न्हाई. चुकलो.”

भाचीनं पहिल्यांदा मान खाली घातली. ती रडेल असं मला वाटलं. तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, आणि मान वर केली.

“मग हाच प्रश्न विचारायचा होता ना काका,” ती म्हणाली. “याचं उत्तर मी दिलं असतं. तालुके कशाला विचारत बसलात? विचारा आता.”

चुलते आता पंख्याकडंही बघेनात.

“विचारा की.”

“लग्नानंतर परीक्षा देणार का?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू विचारलं, की जन्मात एवढा अवघड प्रश्न त्यांनी विचारला नसावा.

“देणार,” भाची म्हणाली. “लागेपर्यंत देणार. लागल्यावर नोकरीबी करणार. हे चालत असलं तर मला तुमचं घर पसंत हाय.”

ताईनं कपाळावर हात मारला. मुलाची आई एवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठून भाचीजवळ गेली, तिच्यासमोरचा रिकामा ट्रे उचलला आणि स्वतः आत नेऊन ठेवला. चुलते म्हणाले, “कळवतो.” मुलगा म्हणाला, “माझा होकार हाय.” चुलते म्हणाले, “घरी गेल्यावर बोलू.” आणि जीप गेली.

महिनाभर काही कळवणं आलं नाही. ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं, मला पोरीची तयारी करून घ्यायला सांगितलं होतं, माझी स्वतःची पापं सांगायला नाही. नात्यात मात्र व्हायचं ते झालंच. केजच्या बाजारात एका लांबच्या वहिनीनं मला गाठलं. “भाऊजी, तुमच्या भाचीला म्हणे तालुकेबी सांगता आले न्हाईत? एवढं शिकून?” मी म्हटलं, “वहिनी, तुमी सांगा बरं किती?” तिनं नऊ सांगितले आणि वांगी निवडायला लागली.

हे मी भाचीला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणू द्या. मला काय बाजारात पेपर द्यायचाय?” तिचा अभ्यास चालूच होता. पण एकदा पुस्तिका परत आली ती कोरी. आत एकही चूक दुरुस्त केलेली नव्हती. मी विचारलं, फोन येतो का त्याचा. म्हणाली, “येतो. चुलत्याशी रोज भांडतोय म्हणं. एकेक प्रश्न दहादा विचारतेत अन् हा दहादा तेच उत्तर देतोय.” मग म्हणाली, “न्हाई जमलं तर न्हाई जमलं मामा. पण मी ‘देणार’ म्हणलेलं मागं घेत नसते.” तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

भरतीचे फॉर्म सुटले तेव्हा ती दुकानात आली. फॉर्म नेहमी मीच भरून देतो, कारण गावात इंटरनेट मध्येच जातं. ती शेजारी स्टुलावर बसून सांगत होती, मी टाइप करत होतो. तेवढ्यात काउंटरवर सावली पडली. खिशाला पेन. चुलते.

“तहसीलला काम व्हतं,” ते म्हणाले. आष्टीच्या माणसाचं केजच्या तहसीलला काय काम, हे मी विचारलं नाही. प्रश्न विचारायचं मी तोपर्यंत बरंच कमी केलं होतं. चहा सांगितला. भाचीनं उठून नमस्कार केला आणि परत बसली.

ते जरा वेळ पुस्तिका चाळत उभे राहिले. मग काउंटरवरून वाकून स्क्रीनकडं बघितलं. मी परीक्षा केंद्राच्या रकान्यावर होतो. तीन शहरं पसंतीनं द्यायची असतात. पहिल्या जागी मी ‘बीड’ टाकलं होतं.

चुलते खाकरले. “बीड कावून? नगर टाका. आमच्या आष्टीहून जवळ पडतं. सकाळची गाडी धरली तर दीड तासात जातंय माणूस. पोरगं संगं जाईल.”

माझी बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. भूगोलाचा इतका लांबलचक अर्थ असतो हे मला कुठल्या पुस्तिकेनं सांगितलं नव्हतं. मी भाचीकडं बघितलं. तिला कळलं होतं. कान लाल झाले होते तिचे, आणि हसू येत होतं ते ती खालचा ओठ दाबून आत ठेवत होती. तरी चुलत्यांना तिनं पूर्ण एक मिनिट ताटकळत ठेवलं.

“बीडच राहू द्या मामा,” ती म्हणाली. “परीक्षा होईपर्यंत मी नांदूरघाटलाच हाय. लग्नाची तारीख त्याच्या नंतरची बघा म्हणावं.”

चुलत्यांनी पेन खिशातून काढलं, परत लावलं, आणि म्हणाले, “बरं. मग दुसऱ्या पसंतीला तरी नगर टाका.”

“टाका,” भाची म्हणाली. मी टाकलं.